चौकशीची खिडकी

रावपुऱ्यातल्या धर्मादाय इस्पितळाची वेबसाइट
सहा वर्षांपूर्वी मीच बांधली. वर सहा शब्द,
प्रत्येकाखाली उघडणारा एक जिना:
सेवा, विभाग, सुविधा, उपक्रम, आमच्याविषयी,
आणि जे कुठेच बसेना ते सगळं कोंबलेलं
‘अधिक’.

मला ती देखणी वाटायची.

मग ट्रस्टने कुमुदबेनना पाठवलं.
आडनाव शिर्के, पण बडोद्यात
बेन लागल्याशिवाय नाव पुरं होत नाही.
एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त.
चष्मा पुसून त्यांनी माउस असा धरला
जसं कुणी शेजारणीचं तान्हं धरतं.

मी म्हटलं, समजा, रक्ताचा रिपोर्ट हवाय.
त्या ‘सेवा’वर गेल्या. जिना उघडला.
बाण जरासा हलला, जिना मिटला.
‘विभाग’. ‘सुविधा’. पुन्हा ‘सेवा’.
चार मिनिटं अकरा सेकंद.
मग खुर्चीत मागे टेकून:
‘सेवा आणि सुविधा, यांत फरक काय रे?’

मला सांगता आलं नाही.

‘खिडकीशी येऊन,’ त्या म्हणाल्या,
‘सेवा कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही कधी.
विचारतात, लघवी कुठे द्यायची.
बाळाला टोचायचा वार कोणता.
पैसे आधी की नंतर.
आणि एक, हे अगदी हळू आवाजात,
रात्री आलो तर दार उघडं असतं ना?’

जरा थांबून:
‘चारांतल्या कुठल्याही दरवाजातून गावात शिरलास
आणि चुकलास, तरी मांडवी सापडते.
तुझ्या यात मांडवी कुठे?’

मी कोपऱ्यातलं बोधचिन्ह दाखवलं.
यावर टिचकी मारली की पहिल्या पानावर.
‘हे लोकांना कुणी सांगितलं?’

पुढचा महिनाभर मी फक्त खोडत होतो.
‘अधिक’ गेलं. ‘उपक्रम’ गेलं.
अध्यक्षांचा संदेश फोटोसकट तळाशी उतरला,
त्यावरून दोन मीटिंगा, एक रुसवा,
आणि फाफड्यावर समेट.
तिसरी मीटिंग ‘लघवी’ या शब्दासाठी.
‘तपासणीचे नमुने’ लिहा, साहेब म्हणाले,
जरा बरं दिसेल.
कुमुदबेन काही बोलल्या नाहीत,
चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ.
शब्द राहिला. गुजरातीतही, मराठीतही.

काल नोंदी उघडून बसलो.
रात्रीचे दोन चाळीस, पादऱ्याहून कुणीतरी.
पहिलं पान. ‘रात्री आलात तर’. फोन नंबर.
एकोणीस सेकंद, आणि गेलं.
रेंगाळलं नाही, परत फिरलं नाही,
मी आठवडाभर घोळवलेला निळा रंग
पाहिलाही नसेल.

कुमुदबेन सांगत होत्या,
चेहरे नाही राहिले लक्षात.
पाठी राहिल्या,
बरोबर एक्स-रेकडे वळलेल्या.