आठव्या वर्षी दोन रुपयांएवढं

सिप्रियान तारवटी बोटीवरून सुटीला आला
तेव्हा फिल्मच्या रिकाम्या डबीत एकतीस बिया होत्या,
खसखशीहून किंचित थोराड, काळ्या.
म्हणाला, तिथले लोक ह्याच्यासाठी दिवसचे दिवस चालतात.
दिसलं की आधी खाली बसतात,
मग बोलतात.
मी विचारलं, काटे?
नाहीत, म्हणाला.

मी तेव्हा फेरीबोटीच्या इंजिनावर.
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण,
सात मिनिटांची नदी दिवसातून चाळीस वेळा,
आणि मधोमध आलं की कुणीतरी वरून ओरडायचंच,
जरा बेगीन घे रे!

मांडवीची रेती खारट, म्हणून सात पाण्यांनी धुतली.
चिरा कुटला, चाळला, कोळशाची भुकटी मिसळली,
सगळं बायकोच्या इडलीपात्रात वाफवलं
(त्यावर दोन दिवस अबोला).
बिया वर नुसत्या टेकवल्या, पुरल्या नाहीत.
नवव्या दिवशी हिरवे ठिपके,
सुईच्या टोकाने मोजले: चोवीस.

जूनमध्ये आमच्याकडे चपलांनाही दाढी येते.
बुरशी रात्रीची येते, आवाज न करता;
सकाळी ठिपक्याच्या जागी पाण्याचा एक थेंब.
चवथीपर्यंत उरले पाच.
मग मुंग्या, मग मांजर.

पहिल्या वर्षी मुगाएवढं.
दुसऱ्या वर्षीही मुगाएवढंच.
चौथ्या वर्षी शर्टाच्या बटणाएवढं, आणि मी निवृत्त.
आठव्या वर्षी दोन रुपयांच्या नाण्याएवढं,
एकुलतं एक.

बातमी कशी फुटली कळलं नाही.
भाड्याच्या स्कूटरवरून एक पोरगा आला, गळ्यात लाकडी मणी,
कुंडीपुढे डोळे मिटून बसला,
डोळे उघडून विचारलं,
कापलं तर परत किती दिवसांत येतं?
म्हटलं, तुझ्या वयाएवढ्या.
दहा हजार म्हणाला. फाटकापाशी जाऊन पंधरा म्हणाला.

इनासिना क्रुसापुढची अर्धी मेणबत्ती घेऊन आली.
भाऊ माझा, त्याने आणलेलं, म्हणजे थोडं आमचंही.
शेजारच्या शेवंतीवहिनीने तुळशीला घालून उरलेला तांब्या
ह्याच्यावर तिरपा केला, मी धावलो.
पाणी नाही? मग ह्याला घालायचं काय?
महिन्याला एक चमचा, बाकी काही नाही.
म्हणजे उपासाचा देव, असं म्हणून ती खूश.
दुसऱ्या दिवशी कुंकू.

कुंकवाने कातडी खराब होते.
म्हणून मी रोज सकाळी दाढीच्या जुन्या ब्रशने ते झाडतो,
फुंकर घालतो, भोवतीचे खडे सारखे करतो.
चपला बाहेर काढतो, चिखल आत नको म्हणून.
ती संध्याकाळी लावते, मी सकाळी पुसतो,
तीन वर्षं.
परवा कुंपणावरून म्हणाली,
तुमची पूजा माझ्यापेक्षा लांबते हां.

फेब्रुवारीत फूल आलं.
फिकट गुलाबी, अकराला उघडतं, तीनला मिटतं.
सिप्रियान आता रायबंदरला मुलीकडे, अंथरुणावर,
उजवी बाजू गेलेली.
दुपारी धक्क्यावर आलो तर आधीची फेरी नुकतीच सुटलेली.
पुढच्या फेरीत कुंडी मांडीवर, त्यावर छत्री.
नदीच्या मधोमध कुणीतरी ओरडलं,
जरा बेगीन घे रे!
सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

पोचलो तेव्हा पावणेतीन.
त्याने डाव्या हाताने कुंडी छातीशी धरली.
बराच वेळ काही नाही, पंख्याचा आवाज फक्त.
मग जड जिभेने एक शब्द, अर्धा:
काटे?
नाहीत, म्हटलं.

त्याने अंगठा त्याच्यावर ठेवला तो तसाच.
फूल मिटलं, मुलीने चहा आणला, थंड झाला.
परतीच्या दोन फेऱ्या सुटल्या.