दिढी

शंभर दाणे मोजले, ओल्या कागदावर मांडले,
सुरळी केली, रबर लावलं, पेटीत उभी ठेवली.
चौदाव्या दिवशी उघडली तेव्हा
एकसष्टांनी पांढरं टोक बाहेर काढलेलं,
एकोणचाळीस तसेच.
मी परत मोजले. नाडी परत बघतात तसे.

नियम सोपा आहे: पंच्याऐंशीच्या खाली गेलं
की वाण जमिनीवर न्यायचा, नवं बी करून आणायचं.
उणे अठरात झोपलेल्याला
अधूनमधून उठवून चिखलात उभं करावं लागतं,
नाहीतर झोप कुठली आणि मरण कुठलं
हे पाकिटावरून कळत नाही.

पाकिटावर: क्रमांक सातशे चौदा. खारा मुणगा.
गाव हडी, खाजण. साल चौऱ्याऐंशी.
दाता: द्वारका तारी.
शेरा, निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात:
'बाई म्हणते, पाच दिवस खारं पाणी सोसतो.'

केंद्राच्या शेतात गोडं पाणी आहे.
तिथं लावला तर येईल, भरघोस येईल,
आणि चार-सहा वेळा असाच वाढला की
मीठ विसरेल.
नाव तेच राहील, क्रमांकही तोच.

म्हणून थर्मासमध्ये साठ ग्रॅम भरून
मालवणच्या गाडीत बसले.
शेजारीण म्हणाली, 'च्याय आसा काय गो?'

हडीला बांध तीन ठिकाणी फुटलेला.
उघाडीची फळी कुणीतरी होडीला ठोकलेली.
कुणग्यांत कांदळ, चिंबोऱ्यांची बिळं,
एकच तुकडा मोकळा, पायवाटेला लागून.
मी पाकिटावरचं नाव वाचलं
तसा झिलू तारी जाळं टाकून उठला.
'माज्या आवशीचां नाव तुमकां खंय गावलां?'
सातबाऱ्यावर ते कधीच नव्हतं.

तो थर्मासात वाकून बघत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, 'तेवां आवशीन दोन शेर दिल्यान.
दिढीन धरलां तर चाळीस वर्सांचां व्याज कितकां जातलां?
बँक म्हणतास मा तुमी?'
तो हसत होता. मी खरंच हिशोब करू लागले:
दोनाचे तीन, तिनाचे साडेचार,
साडेचाराचे पावणेसात...
विसाव्या वर्षी साडेसहा हजार शेर ओलांडले
आणि मी थांबले.
हातात साठ ग्रॅम. त्यातले शंभरी एकोणचाळीस मेलेले.

दगड, चिखल, माडाची झावळं घालून
त्यानं एका कुणग्यापुरता बांध उचलला.
रोपं लागली. अमावास्येचं उधाण वरून आलं
आणि पाणी उतरेना.
तिसऱ्या दिवशी मी एका पानाला जीभ लावून पाहिली.
पाचव्या दिवशी शेंडे पिवळे झाले.
सहाव्याला पाणी उतरलं, पिवळे शेंडे उभे होते.
काही रोपं गेली. गेलेल्यांचीही नोंद केली,
ओळ, जागा, तारीख.

झोडणी झाली. मी माझं मोजून घेतलं, वाळवलं, सीलबंद केलं.
झिलूनं दोन ओंजळी बाजूला काढून
पेंढ्याची नारळाएवढी मुडी वळली
आणि चुलीवरच्या उतवरीवर ठेवली.
'तुमचो फ्रीज बंद पडलो तर येवा.'
गेल्या वादळात आमच्याकडे अकरा तास वीज नव्हती,
डिझेल आम्ही कॅनमधून डोक्यावर आणलं,
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

केंद्रात परत आले. नोंदवहीत एक रकाना असतो:
सुरक्षा संच, ठिकाण, तापमान.
सातशे चौदापुढे तो रिकामाच होता.
मी लिहिलं: उतवर, तारींचं घर, हडी.
तापमान: धुराचं.

साहेबांनी अजून सही केलेली नाही.