दुपारचा खटका

तिसऱ्या खेपेला आउने लेहतोनेननं दार उघडलं,
आधी माझे बूट पाहिले, मग तोंड.
"परत गेलं," म्हणाली. "सिंकजवळचं. टोस्टरचंही.
आणि तू मागच्या मंगळवारी पंच्याण्णव डॉलर नेलेस."

थंडर बे. मार्चचा शेवटचा आठवडा.
पन्हळीला लोंबणारे बर्फाचे सुळे ठिबकत होते.

पहिल्या खेपेला मी किटलीला धरलं होतं.
तळाला गंज, वायर जुनाट,
कुणीही तिलाच धरलं असतं.
दुसऱ्या खेपेला सॉकेटच बदललं,
नवंकोरं, पांढरं, मधोमध दोन बटणं:
एक परीक्षेचं, एक माफीचं.

आज सगळं उपटलं. किटली, टोस्टर, रेडिओ.
ओट्यावर उरलं नुसतं पीठ.
माफीचं बटण दाबलं. खट्.
परत दाबलं.
खट्.
काहीच न जोडता खटका पडतो
म्हणजे भांडण या खोलीतलं नाहीच.

"त्याला कळतं तरी काय एवढं?"
फार काही नाही, मी म्हणाले. इतकंच मोजतं:
एका तारेनं जेवढं बाहेर गेलं
तेवढं दुसरीनं घरी आलं का.
मुंगीच्या पावलाएवढी तूट दिसली
तरी थांबत नाही विचारायला.
"कडक आहे," ती म्हणाली,
आणि बराच वेळ पीठ मळत राहिली.

"रात्री जातं कधी?"
"रात्री नाही. सकाळीही नाही.
दुपारी. ऊन त्या भिंतीवर आलं की."
हे तिनं तीन खेपांत पहिल्यांदा सांगितलं
कारण मी पहिल्यांदा विचारलं.

भिंतीपलीकडे गुडघाभर बर्फ.
फावड्यानं उकरत गेले तेव्हा सापडलं:
विटांत बसवलेलं आणखी एक सॉकेट, झाकण तुटलेलं,
स्वयंपाकघराच्याच तारेवर पोसलेलं,
आणि त्यातून निघालेली नारिंगी वायर
बर्फाखालून अंगण ओलांडून
जिथे गाडी उभी असायची तिथवर.
टोक वितळत्या पाण्यात पालथं.
रात्री गोठलं की गप्प.
दुपारी सुटलं की थेंबाथेंबानं वीज मातीत.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
तीन आठवडे मी किटलीची उलटतपासणी करत होते.

"तोइवोची," ती खिडकीतून म्हणाली.
रोज रात्री नऊला तो बाहेर जायचा,
इंजिन थिजू नये म्हणून ही जोडायचा, शिव्या देत.
ऑक्टोबरात भाच्यानं गाडी नेली.
वायर न्यायचं कुणाला सुचलं नाही.

उपटली. आत येऊन बटण दाबलं.
ते टिकलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या,
जसं पहिल्यांदा उभं राहिलेल्या पोराकडे बघतात.
रेडिओ हॉकीच्या मधल्याच गोलापासून बोलू लागला.

मी वायर कोपरावर गुंडाळत होते.
"टाकू?"
"थांब. किती आहे ती?"
"पंधरा मीटर."
"दहाची आणली म्हणाला होता," तिनं हात पुसले.
"पैसेही दहाचेच सांगितले मला."
अकरा वर्षं ही तूट
तिच्या हिशोबातून निसटली होती.
ती हसली की रागावली, ते पाठमोरीवरून कळेना.

वेलचीचा पाव तव्यासारखा गरम होता.
बिलावर मी फक्त झाकणाचे लिहिले.
तिनं ते चष्मा लावून वाचलं,
दोनदा.