मोजदाद

सुट्टीत आली तेव्हा विचारलं पोरीला,
काय करतेस वं तिथं, बंगालात, तारेजवळ?
म्हणाली, बाबा, फाटक उघडते.
तारेपल्याड त्यांचीच वावरं. सकाळी बाया जातात.
मी ओळखपत्रं ठेवून घेते, विळे मोजते,
डब्याचं झाकण उचलून पाहते. भातच असतो.
कधी भाताखाली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या.
संध्याकाळी परत मोजते.

एकदा एक कमी भरली.
बॅटऱ्या घेऊन गेलो, तर रोशनारा म्हातारी
तागात बसलेली, मांडीवर ओलं करडू.
करडाला कुठलं ओळखपत्र, बाबा?
हसली.
बंदुकीचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आमच्या चिचगावात तार नाही.
जंगल कुठं संपतं नि धुरा कुठून लागतो
वाघाला माहीत नाही, आम्हालाही नीटसं नाही.
मोहफुलाच्या दिवसांत बाया अंधारातच निघतात.
शेवंता कोडापे परतली नाही, हे आम्हाला
दुसऱ्या दिवशी तिच्या घरावर धूर दिसला नाही
तेव्हा कळलं.

पोरगी ड्यूटीवर गेली.
मी नाल्याच्या पुलावर बसतो,
नातवाची जुनी वही, चष्म्याला दोरा.
बाया चिडवतात, मामाजी, डबा दाखवू का?

आज गेल्या चौदा.
ऊन चढलं. तेरा झाल्या.
पल्याड काहीतरी वाजलं,
टोपलं असेल,
नाहीतर सागाचं वाळलं पान.