अंगावर

इकबालभाईंच्या दुकानात पडद्याआड
त्यांची बायको माझं माप घेते
आणि आकडा बाहेर ओरडून सांगते,
अख्ख्या रावपुऱ्याला ऐकू जाईल असा.
ते माझ्या जुन्या आकड्यावर रेघ मारतात.
नवा पेन्सिलनं लिहितात.
"पुढून हूक, सहा ब्लाउज. ये तो बदलता रहेगा, बेन."

चार वर्षं मी मकरपुऱ्यातल्या कंपनीत पिपेट धरते.
मिलीलिटरच्या खालच्या गोष्टी मला कळतात.
म्हणून कारेलीबागच्या दवाखान्यात
परमार सिस्टरनं टेबलावर एक बोर ठेवलं,
"पहिल्या दिवशी पोट एवढंच,"
तेव्हा मनात लगेच लिहिलं: पाच मिली, फार तर सात.
आठवडाभरात पहिल्यांदाच जरा हायसं वाटलं.
मग तिनं पिशवीतून लोकरीचा स्तन काढला,
विणलेला, मध्ये चॉकलेटी गोल,
आणि एक कान गेलेली बाहुली.
"नुसतं टोक नाही द्यायचं. हा काळा भाग सगळा तोंडात."
आम्ही सात जणी हसलो.
मग एकेकीनं बाहुली घेतली, आणि हसणं थांबलं.
माझ्या हातात तिचं डोकं सारखं मागे पडत होतं.
लोकरीला दुखत नाही,
एवढं मात्र सिस्टरनं सांगितलं नाही.

शेजारच्या जसुमतीबेन जिन्यात अडवून विचारतात,
"धवडावशो ने?"
तीन वर्षांत गुजराती आली मला, भाजीपुरती, भांडणापुरतीसुद्धा,
पण कान अजून मिरजेचे.
त्यांना ऐकू येतं: धाव.
कोण धावणार, कुठून कुठे?
आमच्याकडे पाजतात अंगावर.
ताप अंगावर काढतात तसं,
कुणाचं काम अंगावर घेतात तसं.
त्या शब्दात दूध कुठेच नाही,
नुसतं अंग आहे, आणि त्याच्यावर येणारं काहीतरी.
रात्री तीन वाजेपर्यंत मी हे उलटसुलट करते.
बाहेर तारेवर उत्तरायणातला कटलेला पतंग
फडफडतो, थांबतो, फडफडतो.

स्वयंपाकघरात सासूबाई डिंक तळतात.
बाळंतशेपा भाजतात, ज्याला इथे सुवा म्हणतात.
हळीव काढतात एका गोल पत्र्याच्या डब्यातून.
त्याच्यावरचं गुटगुटीत बाळ घासून घासून
एका गालापुरतं, एका डोळ्यापुरतं उरलंय.
आज विचारलं, हा डबा कुठला?
त्यांनी कढईतला झारा थांबवला नाही.
"ह्याचाच."
ह्याचा म्हणजे त्यांच्या मुलाचा.
"मला आलंच नाही. नऊ दिवस.
माझी आई म्हणाली, तुझं मनच नाही त्याच्यात.
शतावरी झाली, खसखस झाली, मांडवीच्या देवीला साडी झाली.
दहाव्या दिवशी तुझे सासरे हा घेऊन आले,
वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी.
या गावात लोक बाटली आणतात ना, तसा.
मी दार लावून कालवायची."
"मग?"
"मग काय. पाच फूट अकरा."

त्यांनी लाडू वळला आणि गरमच माझ्या हातावर ठेवला.
"खा. आलं तर आलं."
मग बराच वेळ कढईकडे बघत:
"नाही आलं तर दार उघडं ठेवून कालव."

संध्याकाळी कुर्ता काढताना आत एक डाग दिसला,
पिवळट, बोराच्या बीएवढा.
चीक.
किती मायक्रोलिटर, ते काढलं नाही.
कुणाला हाकही मारली नाही.
कुर्ता हातात धरून उभी राहिले,
लांबून निघालेलं कुणी
अजून रस्त्यातच असावं, तशी.
आणि आत सासूबाई
कधीच नीट न बसणारं डब्याचं झाकण
तळव्यानं ठोकत होत्या,
एकदा, दोनदा,
पुन्हा.