सात नंबरची टाकी

सात नंबरच्या टाकीत हामूरची पिल्लं
मंगळवारी पहाटे उलटी तरंगत होती.
बाकी अकरा टाक्यांत आलबेल.

सर म्हणाले, रात्री एसी बंद पडला असणार,
तो आकडा गाळ.
मी ते मनातल्या मनात मराठीत आणलं: असणार.
आपल्या भाषेत खोट्याला
केवढी ऐसपैस जागा आहे.

अल खोर. ऑगस्ट.
खिडकीबाहेर समुद्र, कोमट, न ढवळलेला.
ज्या प्लांटचं खारट पाणी आम्ही टाक्यांत सोडतो
त्याच प्लांटच्या पैशावर माझी शिष्यवृत्ती,
सरांच्या सहीवर व्हिसा,
आणि आईनं आत्ताच गल्लीभर सांगून ठेवलंय, डॉक्टर.

नोंदवही मोफिजुलभाईंची.
चितगावचे. नऊ वर्षं रात्रपाळी.
दर दोन तासांनी निळ्या शाईत
सव्वीस, सव्वीस, सव्वीस पूर्णांक एक.
कोपऱ्यात चहाचा गोल.
एसी चालू होता.
शोधनिबंधात त्यांचं नाव नाही,
आभारात आहेत, 'इतर कर्मचारी'मध्ये.

काल त्यांनीच दारात उभं राहून विचारलं,
"पन्ना दुबारा लिखूँ क्या, मॅडम?
बोल दूँगा, मैं सो गया था."

नको, म्हटलं.
तेवढंच म्हणता आलं.

तक्त्यातली सातवी ओळ अजून कोरी.
कर्सर मिटतोय, उघडतोय.
साडेअकराला मोफिजुलभाई
थर्मामीटर फडक्यानं पुसून फेरीला निघाले.
सातव्या टाकीत आता नुसतं पाणी.
तिथंही वाकले,
डोळे बारीक करून वाचलं,
लिहिलं: सव्वीस.