फळ्यावरची चार जानेवारी

सकाळचे सात चाळीस. चोपड्याच्या वाचनालयाचं शटर
थंडीनं आखडलेलं, उघडायला दोन लाथा मागतं.
फळा पुसायचं फडकं रात्रभर बाहेर राहिलं,
आता उडदाच्या पापडासारखं कडक. तसंच फिरवलं.
कालचा दिनविशेष निम्मा गेला, निम्मा राहिला.
कालचं तसं नेहमीच राहतं थोडं.

पौष शुद्ध त्रयोदशी, बुधवार.
राहुकाळ बारा ते दीड.
नेमकी तेव्हाच माझी जेवणाची सुट्टी.
म्हणजे दर बुधवारी मी अशुभ घडीलाच
कळण्याची भाकरी मोडतो,
ठेच्याला अजून तरी काही झालेलं नाही.

अठराशे नऊ : लुई ब्रेल यांचा जन्म.
सोळाशे त्रेचाळीस : न्यूटन यांचा जन्म,
पण त्यांच्या गावच्या जुन्या कालगणनेनं
आदल्या वर्षीचा नाताळ.
एका माणसाला दोन तारखा!
आणि आमच्या शाळेत निकुंभ गुरुजींनी
अख्खा वर्ग एक जूनला जन्माला घातला,
बेचाळीस पोरं, एकच सुईण.
आई सांगायची, तू झालास तेव्हा तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या,
बापू मळ्यातून भरीत खाऊन आले होते
आणि त्यांच्या हाताला काट्यांच्या धुराचा वास होता.
म्हणजे मी हिवाळ्यातला.
कदाचित आजचाही असेन.
फळ्यावर लिहायला पुरावा लागतो,
धुराचा वास चालत नाही.

खालच्या कोपऱ्यात चौकट : आपला खान्देश.
ही भावसार अण्णांची पद्धत, एकतीस वर्षं त्यांनी पाळलेली.
नाव फारुकी खानांवरून पडलं असं लिहिलं
की दुपारपर्यंत कुणीतरी खडूनं कान्हदेश करून जातं.
कान्हदेश लिहिलं की संध्याकाळी परत खान.
मी आता पहिलं अक्षर पुसटच लिहितो.
ज्याला जे दिसेल ते त्याचं.

मग शेवटची ओळ :
आज रात्री पावणेदहाच्या सुमारास
पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ.
अंतर चौदा कोटी एकाहत्तर लाख किलोमीटर.

झिपरू कोळी बोरांची पाटी टेकवून वाचत उभा.
कानाला मफलर, मफलरवर टोपी, टोपीवर दव.
"सूर्य जोडे शे म्हंतस, मंग थंडी कसाले वाजस?"
मी हवेत बोटानं पृथ्वी काढली, तिचा आस कलता केला,
आपला अर्धा भाग सध्या पलीकडे झुकलाय म्हणालो.
त्यानं एक बोर चोखलं, बी गटारीत थुंकली.
"मंग जोडे यीसन काय फायदा,
पाठ फिराईसन बठना ते?"

मी हसलो. नंतर खडू थोडा वेळ हातातच राहिला.
शिरपूरला भाऊ आहे माझा.
एस.टी.नं दीड तास.
बांधाचा खटला संपून सहा वर्षं झाली.

अण्णा कधीचे बाकावर येऊन बसलेत.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले,
तरी रोज येतात, खडूचा आवाज ऐकायला.
"ब्रेलच्या ल वर थांबलास," म्हणतात.
"आणि जन्म मधला न्म घाईत उरकलास."
मी जाऊन पाहतो. उरकलाय खरा.
"चहा?"
"आधी सगळं वाचून दाखव."
मी वाचतो. राहुकाळापासून किलोमीटरपर्यंत.
न्यूटनपाशी ते हसतात, खानापाशी खोकतात.
"अजून कोणी जन्मलं का आज?"
"नाही," मी म्हणतो. "एवढेच."

गांधी चौकाकडून ऊन येतं ते आधी पोस्टाच्या पेटीवर,
मग झिपरूच्या बोरांवर,
मग अगदी थोडं आमच्या पायरीवर.
अण्णा चाचपत उठतात,
बाकाचा पाय फरशीवर खरडत
वीतभर पुढे ओढून घेतात
आणि परत बसतात, तोंड वर करून.
"जवळ आलाय म्हणालास ना," म्हणतात,
"मग आपणही थोडं सरकावं."